लघवीची जळजळ : कुणाची, कधीची, कशासोबत



विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यवाहांचा मला फोन आला होता. निमंत्रणपत्रिकेवर ‘लघवीची जळजळ’ असंच छापायचं का, की ‘मूत्रमार्गाचे आरोग्य’ चालेल, असं त्यांनी जरा अवघडून विचारलं. मी म्हटलं, दवाखान्यात जे बोललं जातं तेच छापा. त्यांनी छापलं, त्यांचे आभार. सभागृहही भरलेलं आहे, म्हणजे पत्रिका वाचून कुणी दचकलेलं दिसत नाही.

तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला एक प्रसंग पाठ असतो. बाई आत येतात. कंबर दुखते म्हणतात, थकवा आहे म्हणतात. रक्तदाब घेऊन होतो, डोळे-जीभ पाहून होतात, गोळ्या लिहून होतात. बाई पिशवी उचलतात, दारापर्यंत जातात आणि पडद्याला हात घालता घालता म्हणतात, “आणि मॅडम, जरा उन्हाळी पण लागलीय.” आलेल्या असतात त्याचसाठी. सोबत सासूबाई असल्या तर तेवढंही बोलणं होत नाही. पुरुषांचं फार वेगळं नाही. ते मित्राला त्रास होतोय असं सांगून विचारतात.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. या दुखण्यात आग किती होते, यावरून फारसं काही ठरत नाही. ती कुणाला होते आणि तिच्यासोबत आणखी काय आहे, यावरून ठरतं. पंचविशीतल्या धडधाकट मुलीला रडकुंडीला आणणारी आग बहुतेकदा मूत्राशयापुरती असते आणि थोड्या दिवसांच्या औषधानं जाते. सत्तरीतल्या मधुमेही गृहस्थांना जेमतेम जाणवणारी जळजळ त्यांना दोन दिवसांत अतिदक्षता विभागात नेऊ शकते. आपण मात्र उलटं वागतो. जास्त आग झाली की घाबरतो आणि कमी असली की सब्जा भिजत घालतो.

शरीराची रचना थोडक्यात सांगते. मूत्रपिंडं दिवसाला साधारण दीड लिटर लघवी तयार करतात. ती दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयात उतरते. तिथे चारशे-पाचशे मिलिलिटर मावते. तिथून बाहेर पडायची वाट बाईच्या शरीरात सुमारे ४ सेंटीमीटरची आहे, पुरुषाच्या शरीरात १८ ते २० सेंटीमीटरची. बायकांनाच हा त्रास जास्त का, याचं अर्धं उत्तर या मापात आहे. उरलेलं अर्धं शेजारात आहे. गुदद्वार जवळच असतं आणि आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जंतू निमूटपणे नांदत असतो. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञानं १८८५ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला एशेरिखचं नाव. आतड्यात तो निरुपद्रवी असतो. मूत्रमार्गात शिरला की अंगावरच्या केसासारख्या तंतूंनी मूत्राशयाचं अस्तर धरून बसतो, लघवीच्या धारेनंही निघत नाही. मूत्राशयाच्या साध्या संसर्गात दर चार वेळांपैकी तीन वेळा हाच सापडतो.

जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. निम्म्यांना. तेव्हा ‘स्वच्छता पाळत नसेल’ हा शेरा आधी काढून टाकू या. उलट, साबणानं आणि जंतुनाशक द्रावणांनी आतून धुण्याचा अतिरेक करणाऱ्या बायका मी जास्त पाहते. तिथले उपयोगी जंतू धुवून जातात आणि नको त्यांना मोकळं रान मिळतं. नवीन लग्न झालेल्या मुलीला शरीरसंबंध सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्रास होतो, हेही अगदी नेहमीचं आहे. त्यात कुणाचा दोष नसतो. पण नव्या घरात, नव्या माणसांत ती हे कुणाला सांगणार? संबंधानंतर लघवीला जाऊन यावं, हा साधा सल्ला तिला माहेरहूनच मिळाला तर बरं.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘आग होते’ एवढ्यावर थांबू नका. कधी होते ते सांगा. लघवी सुरू होताना, की संपता संपता, की लघवी बाहेरच्या कातडीला लागल्यावर? संपताना कळ येते, दर अर्ध्या तासानं जावं लागतं, गेल्यावर चारच थेंब होतात, ओटीपोट जड वाटतं, लघवी गढूळ आणि उग्र वासाची असते, तर तो बहुधा मूत्राशयाचा संसर्ग. सुरुवातीलाच आग होते आणि पुरुषाला पुढून पू किंवा चिकट स्राव येतो, तर परमा किंवा क्लॅमिडिया यांसारख्या लैंगिक संसर्गाचा विचार करावा लागतो. तिथे दोघांनाही औषध घ्यावं लागतं. एकट्यानं घेऊन उपयोग नाही, आठवड्यात पुन्हा तेच. आणि बाहेरून चरचरतं, खाज आहे, दह्यासारखं पांढरं जातं, तर मूत्राशयात बहुतेक काहीच नसतं, योनिमार्गात बुरशी असते. अशा बाईला जंतुनाशक गोळ्या दिल्या तर बुरशी आणखी वाढते. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा कोरडी आणि पातळ होते, त्यानंही चरचरतं आणि संसर्गही वरचेवर होतात. त्यावर तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं आणि ते चांगलं काम करतं. पण साठीच्या बाईला असं मलम लिहून दिलं की ती माझ्याकडे अशी बघते, की मीच काहीतरी भलतं सुचवलं.

इथे मधुमेहाच्या एका औषधाबद्दल सांगायला हवं. डापाग्लिफ्लोझिन आणि त्याची भावंडं असलेली औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. २०२० मध्ये त्याचं पेटंट संपलं, किमती उतरल्या आणि आता ते गावोगावी लिहिलं जातं. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडांनाही त्याचा फायदा होतो. पण गोड लघवीवर बुरशी पोसते. ही गोळी सुरू केल्यावर बाईला खाज-जळजळ किंवा पुरुषाला शिस्नाच्या टोकाला लाली सुरू झाली, तर गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. ‘साखरेची गोळी आणि तिथली खाज यांचा काय संबंध’ म्हणून लोक हे सांगतच नाहीत.

आता उन्हाळीकडे येते. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो, माणूस घामानं भिजतो, पाणी कमी पडतं. लघवी घट्ट, पिवळीजर्द होते आणि चरचरते. हे खरं आहे आणि त्यात संसर्ग नसतो. सब्जा, वाळ्याचं सरबत, धने-जिऱ्याचं पाणी, शहाळं यांनी संध्याकाळपर्यंत बरं वाटतं, कारण पोटात पाणी गेलेलं असतं. या गोष्टींना माझा विरोध नाही, मीही घेते. मूत्रपिंडाचा जुना विकार असणाऱ्यांनी मात्र शहाळ्याबद्दल आधी विचारावं. माझा विरोध आहे तो तिसऱ्या दिवशीही सब्जावरच विसंबण्याला.

या घरगुती उपायांना एवढं यश का मिळतं, याचं एक कारण जर्मनीतल्या एका अभ्यासात दिसतं. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. मूत्राशयाचा साधा संसर्ग झालेल्या स्त्रियांपैकी अर्ध्यांना जंतुनाशक दिलं, अर्ध्यांना फक्त वेदनाशामक. वेदनाशामक घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणी जंतुनाशकाशिवाय बऱ्या झाल्या. म्हणजे शरीर स्वतःच बरंच निस्तरतं आणि श्रेय सब्जाला जातं. पण उरलेल्या एक तृतीयांश जणींना शेवटी औषध लागलंच. वेदनाशामकाच्या गटात त्रास जास्त झाला आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या स्त्रियाही त्याच गटात जास्त निघाल्या. शिवाय त्या सगळ्या तशा निरोगी होत्या आणि डॉक्टरांच्या नजरेखाली होत्या. आपल्याकडे नजरेखाली कोण असतं? म्हणून धडधाकट, गरोदर नसलेल्या तरुण बाईनं ताप नसताना एक दिवस भरपूर पाणी पिऊन पाहायला माझी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी तेच असेल तर दवाखाना गाठावा.

पाणी पिण्याचा खरा उपयोग पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्रासात आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. इतकं स्वस्त औषध मला दुसरं ठाऊक नाही.

एक दिवस थांबायची मुभा मात्र सगळ्यांना नाही, आणि आजच्या व्याख्यानातलं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

गरोदर बाईनं तासभरही वाट पाहू नये. वाढत्या गर्भाशयानं आणि संप्रेरकांनी मूत्रनलिका सैलावतात, लघवी साचते आणि संसर्ग झपाट्यानं वर चढतो. गरोदरपणात काही त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडले तर उपचार करतात, कारण तसेच सोडले तर दर चार-पाच जणींपैकी एकीच्या मूत्रपिंडाला संसर्ग पोहोचू शकतो आणि बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका वाढतो. पहिल्या तिमाहीत लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी, लिहून दिली की ‘मला तर काहीच होत नाही’ म्हणून ती टाळू नका.

लहान बाळ सांगू शकत नाही. सर्दी नाही, खोकला नाही आणि ताप आहे, तर लघवी तपासा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्या, लघवीचं असो वा नसो. शाळेत जाणाऱ्या मुलींमध्ये मात्र मी आधी पोट साफ होतं का ते विचारते. बद्धकोष्ठ आणि लघवी दाबून ठेवणं हे जोडीनं येतं.

पुरुषाला लघवीला जळजळ झाली तर ती साधी समजायची नाही. वीस सेंटीमीटरची वाट ओलांडून जंतू आत गेला, म्हणजे कुठेतरी अडथळा, खडा, प्रोस्टेटची सूज किंवा लैंगिक संसर्ग असण्याची शक्यता असते. पन्नाशीनंतर धार बारीक झाली, रात्री तीनदा उठावं लागतं, ‘वयच झालं’ म्हणून सोडून दिलं आणि मग एके रात्री लघवी अडकली, अशी माणसं पहाटे येतात. फुगलेल्या ओटीपोटानं तळमळत येतात. लघवी अजिबात होत नसेल तर सकाळची वाट पाहू नका.

मधुमेह असेल, खडा असेल, मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, लघवीची नळी घातलेली असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर पहिल्याच दिवशी डॉक्टर. आणि वय काहीही असो, थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत दुखणं, उलट्या, औषध पोटात न ठरणं, ग्लानी, लघवीत रक्त, यांतलं काहीही असलं तर त्याच दिवशी रुग्णालय. संसर्ग मूत्रपिंडात पोहोचला की तो रक्तात उतरायला फार वेळ लागत नाही. पाठीतून जांघेत उतरणारी, लाटेसारखी येणारी आणि माणसाला एका जागी बसू न देणारी कळ म्हणजे बहुधा खडा. त्यात ताप मिसळला की ती शस्त्रक्रियेची तातडीची वेळ असते, कारण अडलेल्या लघवीत पू साचत असतो.

रक्ताबद्दल दोन शब्द. बीट खाल्ल्यावर लघवी लाल होते, ते वेगळं. पण बिडी-सिगरेट ओढणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला एकदा जरी लघवीत रक्त दिसलं आणि जळजळ बिलकुल नसली, तर मला जास्त काळजी वाटते. मूत्राशयाचा कर्करोग पुष्कळदा असाच, न दुखता, एकदा दिसून पुन्हा गायब होतो. इथे थोडी वाट वाकडी करून एक गोष्ट सांगते. लघवीतून रक्त पाडणारा शिस्टोसोम नावाचा परजीवी इजिप्तसारख्या आफ्रिकी देशांत असतो, असं पाठ्यपुस्तकात वाचून आम्ही पास झालो. पण १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याचं ठाणं असल्याचं नोंदवलं. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून तो माणसात येतो. कोकणातल्या एका गावाचं नाव यामुळे वैद्यकशास्त्रात जाऊन बसलं, आणि कोकणातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे.

आता औषधाच्या दुकानाकडे वळू. ‘उन्हाळीची गोळी द्या’ म्हटल्यावर दोन-तीन जंतुनाशक गोळ्या कापून मिळतात. आग थांबली की त्या बंद होतात. २०१४ पासून अनेक जंतुनाशकं एच-१ या परिशिष्टात आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि चिठ्ठीवर विकली तरी नोंदवहीत लिहायची. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं पट्टीवरच्या लाल रेघेबद्दल मोहीम काढली. लाल रेघ दिसली की डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. तुमच्या घरातल्या डब्यातली पट्टी आज रात्री काढून पाहा. अशा अर्धवट गोळ्यांनी आपल्याकडचा ई. कोलाय इतका निर्ढावला आहे, की वीस वर्षांपूर्वी हमखास लागू पडणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वर्गातल्या गोळ्यांवर आता विसंबता येत नाही. गंमत अशी, की जुनी नायट्रोफ्युरँटॉइन अजून बऱ्यापैकी टिकून आहे. पण ती मूत्राशयापुरतीच. मूत्रपिंडाच्या ऊतींत ती पुरेशी पोहोचत नाही, म्हणून ताप असेल तर ती चालत नाही. आणि आग शमवणारं गोड अल्कलायझर सिरप तिच्याबरोबर घेतलं तर तिचा जोर कमी होतो. शेजारणीची उरलेली गोळी आणि घरातलं सिरप एकत्र घेऊन ‘गुण येत नाही’ म्हणणारे लोक असतात, ते यामुळे.

तपासणीचंही तसंच आहे. कल्चरसाठीची लघवी जंतुनाशकाचा पहिला डोस घेण्याआधी द्यायची. सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली बाटलीत धरायची आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायची. ते जमणार नसेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. रात्रभर खिडकीत ठेवलेल्या बाटलीत जंतू स्वतःच वाढतात आणि अहवाल भयंकर येतो. मिलिलिटरमागे जंतूंच्या ज्या एक लाखाच्या आकड्यावर अजून बोट ठेवतात, तो एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात मांडला. लक्षणं असतील तर त्याहून कमी आकडाही महत्त्वाचा असतो. आणि लक्षणं काहीच नसतील, तर आजोबांच्या अहवालात ‘पस सेल्स ८ ते १०’ आले म्हणून जंतुनाशक सुरू करायचं कारण नाही.

अहवालात पस सेल्स, म्हणजे पूपेशी, भरपूर, कल्चरमध्ये मात्र काहीच वाढत नाही, आणि हे पुन्हा पुन्हा होतंय, तर आपल्या देशात क्षयरोग आठवायलाच हवा. मूत्रमार्गाचा क्षय कित्येक महिने ‘जुनाट उन्हाळी’ म्हणून वागवला जातो. तोवर मूत्राशय आकसून मुठीएवढं झालेलं असतं. नेहमीच्या कल्चरमध्ये क्षयाचा जंतू वाढत नाही, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते. रुग्णानंच विचारावं, ‘क्षयासाठी पाहायचं का?’ डॉक्टरला राग आला तरी विचारावं.

न बोलण्याची किंमत किती असते, हे महाराष्ट्रातच मोजलं गेलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, दर बाईमागे सरासरी ३.६ आजार. त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास लघवीच्या तक्रारींचा नव्हता, पण पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं आणि लघवीची आग या एकाच दाराआड गप्प बसलेल्या तक्रारी आहेत. ही गप्प राहण्याची परंपरा पुढे कुठवर जाते, ते बीडकडच्या ऊसतोड कामगार महिलांकडे पाहा. त्यांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याची चौकशी करायला राज्य सरकारला २०१९ साली समिती नेमावी लागली. फडावर संडास नाही, पाणी नाही, आणि वर्षानुवर्षांच्या तक्रारींवर शेवटी एकच उपाय, पिशवी काढून टाका.

शहरातही दिवसभर पाणी न पिणारी बाई काही अडाणी नसते. ती हिशेबी असते. बाजारात, एसटी स्टँडवर, शाळेत जायला जागा नाही किंवा असून जाववत नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच तोडते. त्यात बस कंडक्टर आल्या, वाहतूक पोलीस आल्या, भाजीवाल्या आल्या, आणि आम्ही डॉक्टरही आलो. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली, तिचा एक मुद्दा मला फार आवडतो. पुरुष लघवीला फुकट जातात आणि बायकांकडून पैसे घेतात, हे का? या साध्या प्रश्नाला महापालिकेकडे धड उत्तर नव्हतं. तुमच्या गावातल्या स्टँडवर दरपत्रक काय लावलं आहे, ते वाचून पाहा, आणि नगरसेवकाला विचारा.

माझी वेळ संपत आली. प्रश्नोत्तरांसाठी कार्यवाहांनी कोरे कागद फिरवले आहेत. नाव लिहू नका. वय लिहा, बाई की पुरुष ते लिहा, किती दिवस त्रास आहे, ताप आहे का, मधुमेह आहे का, बाई असाल तर पाळी चुकली आहे का, आणि कुठल्या गोळ्या आधीच घेऊन झाल्या आहेत, तेही लिहा. ज्यांना आज ताप आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी चिठ्ठी पाठवू नये. मी खाली उतरल्यावर त्यांनी मला डाव्या बाजूच्या दारापाशी भेटावं.